ॲटॉमिक_टीचं रेफकाउंट_टी केलं आणि चारही मागांवर ३२२ कोटी पिक दिसायला लागले

पूर्वभाग_७ · सोमवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, पण त्यातलं काय गाळावं ते मला कळत नाही, म्हणून सगळंच लिहितो.

मी सोलापूरचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, तिघंच जण. टॉवेलच्या मागांना आम्ही पिक, म्हणजे आडव्या धाग्याच्या फेऱ्या, मोजायचं पॅनेल बसवून देतो. प्रत्येक मागाच्या शाफ्टपाशी एक सेन्सर, त्याला यूएसबीचा छोटा बोर्ड, आणि चार मागांमध्ये मिळून एक पॅनेल. पॅनेलमध्ये चार कोअरचा एआरएम प्रोसेसर, त्यावर लिनक्स ६.१. यूएसबी बोर्डाचा ड्रायव्हर आमचा स्वतःचा. आधीच्या इंजिनिअरने लिहिला होता, आता माझ्या गळ्यात आहे.

जिथे हे पॅनेल बसलंय तिथे मजुरी पिकांवर निघते. माझे वडील तीस वर्षं मागावर होते. तेव्हा मागाला पाच आकडी मीटर असायचा. ९९९९९ झाले की पुढच्या धोट्याला ०००००. असं झालं की लगेच मुकादमाला हाक मारून वहीत लिहून घ्यायचं, नाहीतर आठवड्याच्या हिशेबातून अख्खी फेरी जायची. वडिलांची एकदा गेली, ते अजून सांगतात. म्हणून पडद्यावरच्या आकड्याला मी फार जपतो.

ड्रायव्हरची दोन जुनी दुखणी आहेत. मागाच्या हादऱ्याने किंवा तूस साचून यूएसबीची पिन सैल होते, बोर्ड क्षणभर जातो आणि परत येतो. महिन्यातून एखाद-दोन वेळा नेमकं तेव्हाच पॅनेल गोठतं, पार दगड होतं. हे एक. दुसरं म्हणजे बोर्ड परत आल्यावर कधी कधी पडद्यावर तोच माग दोनदा दिसतो, एक चालू, एक मेलेला. पॅनेल बंद-चालू केलं की जातो. कामगार त्याला भुताचा माग म्हणतात.

गेल्या आठवड्यात कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, सोर्समध्ये येते ती कॉक्सिनेलची (कोडातले ठरावीक नमुने शोधणाऱ्या टूलची) स्क्रिप्ट ड्रायव्हरवर चालवली. तिने दाखवलं की 'वापर' हा ॲटॉमिक_टी, म्हणजे कर्नलचा साधा काउंटर, रेफरन्स काउंटर म्हणून (वस्तू किती जण वापरताहेत ते मोजायला) वापरलाय, तो खास त्यासाठीचा रेफकाउंट_टी करा. मी म्हटलं करायचंच तर नीट करू, आणि फाइलमधले सगळेच ॲटॉमिक_टी बदलले. एकही एरर न येता कंपाइल झालं.

आज सकाळी पहिल्या पाळीला चालू केलं. पाळी बदलली की आकडा शून्य होतो, तिथवर ठीक. पहिला धोटा गेला आणि चारही मागांवर एकदम ३२२१२२५४७२. मग हलेचना. मिनिटाला दीडशे पिक धरले तर तिथवर पोचायला माग न थांबता चाळीस वर्षं चालायला हवा. मी दुपारपर्यंत जुना ड्रायव्हर परत टाकला, सकाळच्या पाळीचे पिक अंदाजाने लिहावे लागले. ते मला आवडलेलं नाही.

कर्नलच्या लॉगमध्ये दोन ओळी होत्या: 'रेफकाउंट_टी: ॲडिशन ऑन झिरो, यूज-आफ्टर-फ्री' (शून्यावर बेरीज, सोडलेल्या मेमरीचा वापर) आणि लगेच खाली 'रेफकाउंट_टी: सॅच्युरेटेड, लीकिंग मेमरी' (काउंटर अडकला, मेमरी गळतेय). दोन्ही एकेकदाच.

ड्रायव्हरचा सांगाडा, नावं मराठीत करून:

प्रोब, म्हणजे बोर्ड जोडला की: बोर्डासाठी मेमरी घ्या; वापर = १; पिक = ०; यादीत टाका.
निवड, म्हणजे आयऑक्टल (प्रोग्रामने ड्रायव्हरला दिलेला हुकूम): यादीत मागाचा नंबर शोधा, सापडला की वापर वाढवा, फाइलने आधी निवडलेला बोर्ड तोच असेल तर ० परत द्या, वेगळा असेल तर आधीच्याचा वापर कमी करा आणि नवा फाइलमध्ये ठेवा.
क्लोज: निवडलेल्या बोर्डाचा वापर कमी करा, शून्य झाला तर 'संपवा'.
डिस्कनेक्ट: वापर कमी करा, शून्य झाला तर 'संपवा'.
संपवा: यूआरबी (यूएसबीवरची चालू मागणी) थांबवा; लॉक घेऊन यादीतून काढा; मेमरी सोडा.

पॅनेलवर दोन प्रोग्राम असतात. एक दर मिनिटाला प्रत्येक माग निवडून आकडा साठवतो आणि फाइल बंद करतो. दुसरा टच स्क्रीनचा, तो दिवसभर उघडा असतो.

रेफकाउंट_टी आमच्या प्रोसेसरवर नीट चालत नाही का? परत ॲटॉमिक_टीवर जाऊ का? आणि शेवटी दोन्ही मोजतातच, मग फरक काय?

होटगीरोड · मंगळवार, सकाळी ६.५०

भाऊ, रेफकाउंट_टीही ठीक आहे आणि तुमचा प्रोसेसरही. उत्तर तुमच्या आकड्यातच आहे. ३२२१२२५४७२ हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर, लिहून बघा: सी, आणि पुढे सात शून्यं. ही कर्नलने ठरवून ठेवलेली किंमत आहे, नाव रेफकाउंट_सॅच्युरेटेड. काउंटरशी काही भलतं घडलं की कर्नल तो उचलून या जागी नेतो आणि तिथेच खिळा ठोकतो. मग वाढवा नाहीतर घटवा, तो तिथून हलत नाही.

भलतं काय घडलं? तुम्ही शून्यावरून वाढवलं. आता तुमच्या फरकाच्या प्रश्नाकडे येतो, कारण सगळं त्यातच आहे.

ॲटॉमिक_टीला शून्य हा इतरांसारखाच एक आकडा. रेफकाउंट_टीला शून्य म्हणजे मरण. ज्या वस्तूचे रेफरन्स मोजतोय ती वस्तू शून्याला संपली, तिची मेमरी सोडली किंवा सोडली जातेय. तिथून कुणी 'एक वाढवा' म्हणत असेल तर तो मेलेल्याच्या हातात हात देतोय. म्हणून रेफकाउंट_इन्कला शून्य दिसलं की तो ओरडतो आणि काउंटर खिळवतो.

पिक मात्र शून्यापासूनच सुरू होणार. ती मोजणी आहे, तिच्यावर कुणाचं जगणं-मरणं अवलंबून नाही. स्क्रिप्टने फक्त 'वापर' दाखवला होता, कारण ती 'घटवा, शून्य झालं तर मेमरी सोडा' असा आकृतिबंध शोधते. 'पिक' तिने दाखवला नव्हता. तो ॲटॉमिक_टीच ठेवा. तुम्ही घाईने केलं असं म्हणत नाही, ही गल्लत मी चांगल्या चांगल्यांची पाहिली आहे.

आता तुमच्या वडिलांचा मीटर. ९९९९९ नंतर ०००००, हेच ॲटॉमिक_टीचं आहे. ३२ बिटांचा आकडा, ४२९४९६७२९६ वेळा वाढवला की फिरून शून्यावर. मीटर फिरला तेव्हा मजुरी गेली. रेफरन्स काउंटर फिरला तर पाच-दहा जण वस्तू वापरत असताना कर्नलला वाटतं कुणीच नाही, आणि तो मेमरी सोडून देतो. तीच मेमरी दुसऱ्या कुणाला मिळते आणि जुने लोक अजून तिच्यात लिहीत असतात. रेफकाउंट_टी फिरत नाही. टोकाला गेला की अडकून बसतो. ती वस्तू मग कधीच सुटणार नाही, थोडी मेमरी कायमची वाया जाईल, पण दुसऱ्याच्या मेमरीत कुणी लिहिणार नाही.

आणखी एक बारीक गोष्ट, जिने तुमचा दिवस खाल्ला असणार. हे इशारे प्रत्येक जातीचे एकदाच छापले जातात. कर्नल चालू झाल्यापासून 'ॲडिशन ऑन झिरो' एकदा छापलं की परत नाही, मग दुसरा कुठलाही ड्रायव्हर का असेना. तुमच्या पिकाने सकाळी सातला तो इशारा खर्च करून टाकला. दुपारी 'वापर'मध्ये खरोखरची चूक झाली असती तरी लॉग गप्प राहिला असता.

तेव्हा फक्त 'पिक' मागे न्या, 'वापर' रेफकाउंट_टीच ठेवा, आणि बोर्ड काढ-घाल करून बघा. टेबलावर करा, कारखान्यात नको. केबल उपसत बसू नका. यूएसबी ड्रायव्हरच्या सिसएफएस फोल्डरमध्ये अनबाइंड आणि बाइंड नावाच्या फाइली असतात, त्यांत बोर्डाचा पत्ता लिहिला की डिस्कनेक्ट आणि प्रोब होतात. लूपमध्ये टाका, आणि दुसरीकडे निवड-क्लोजचा लूप. मला तुमच्या सांगाड्यात दोन जागा खटकल्या आहेत, पण आधी लॉग काय म्हणतो ते बघू. इशारा एकदाच येतो म्हणून अडायला नको, डीबगएफएसमधल्या क्लिअर_वॉर्न_वन्स फाइलमध्ये १ लिहिला की परत छापायला मोकळा.

तिसऱ्या_वर्षाची · मंगळवार, दुपारी १.१५

सर, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मधेच विचारते म्हणून राग मानू नका. अडकवायचंच आहे तर अगदी शेवटच्या आकड्यावर का नाही अडकवत? सी आणि सात शून्यं ही मधलीच कुठली तरी जागा झाली. आणि ४२९ कोटी वेळा रेफरन्स कोण चुकवणार? खरंच असं कधी घडलंय का?

पुण्यातला_सोलापूरकर · मंगळवार, रात्री १०.०५

ताई, घडलंय. जानेवारी २०१६ मध्ये पर्सेप्शन पॉइंट नावाच्या कंपनीच्या लोकांनी जाहीर केलं, सुरक्षेच्या त्रुटींच्या यादीत त्याचा नंबर सीव्हीई-२०१६-०७२८. लिनक्समध्ये कीरिंग म्हणून सोय आहे, प्रोसेसच्या किल्ल्या ठेवायची. एखादी प्रोसेस आपली सेशन कीरिंग बदलायला गेली आणि नवी म्हणून तीच जुनी सांगितली, तर नावाने शोधताना घेतलेला रेफरन्स सोडायचा राहून जायचा. एका गोटू लेबलवर उडी होती, ती सोडायच्या ओळीच्या पुढे जाऊन पडायची. कर्नल ३.८ पासून चूक आत होती. साध्या युजरने लूप लावायचा, ४२९ कोटी वेळा तीच कीरिंग मागायची, काउंटर फिरून शून्य, मेमरी मोकळी, आणि त्या जागी आपल्याला हवं ते भरून रूट, म्हणजे सर्वाधिकारी, व्हायचं. त्यांच्या कोअर आय-७ लॅपटॉपवर याला साधारण अर्धा तास लागला होता. माणसाला ४२९ कोटी मोठा वाटतो, लूपला नाही.

काउंटर अडकवायची कल्पना त्याआधीच पॅक्स नावाच्या सुरक्षेच्या पॅचमध्ये होती. मुख्य कर्नलमध्ये ती रेफकाउंट_टी म्हणून ४.११ ला आली, एप्रिल २०१७. पीटर झिल्स्ट्राने गाभा लिहिला; एलेना रेशेटोव्हा, कीस कुक आणि सोबत्यांनी कर्नलभर फिरून जुने काउंटर एकेक करून बदलत नेले. केरेफ, म्हणजे रेफरन्स मोजायचा कर्नलचा तयार साचा, तोही त्याच वेळी आतून रेफकाउंट_टी झाला.

तुझा पहिला प्रश्न फार चांगला आहे, त्याला इतिहासच उत्तर देतो. सुरुवातीचं रेफकाउंट_टी अगदी टोकावरच अडकायचं. पण टोकावर अडकवायचं म्हणजे प्रत्येक वेळी आधी वाचा, तपासा, मगच बदला, आणि मधे कुणी बदललं असेल तर पुन्हा पहिल्यापासून. नेटवर्किंगवाल्यांनी हरकत घेतली. त्यांच्याकडे पॅकेटमागे काउंटर हलतो, हा खर्च त्यांना परवडणारा नव्हता, आणि त्यांचं म्हणणं रास्तच होतं. मग ४.१४ ला एक्स८६ साठी वेगळी, चपळ आवृत्ती निघाली. पुढे विल डीकनने ५.५ ला, म्हणजे जानेवारी २०२० मध्ये, सगळ्यांसाठी एकच नवी आणली. ती आधी बेधडक वाढवते आणि नंतर बघते: जुना आकडा शून्य होता का, ऋण होता का (चिन्हासह वाचलं की ३२ बिटांचा वरचा अर्धा पट्टा ऋण धरतात), बेरीज ऋणात गेली का? गेली असेल तर सी-सात-शून्य लिहून टाकते.

आता आधी वाढवायचं आणि मग बघायचं म्हटलं की मधे एक फट राहते. एकाने टोक ओलांडलं, त्याने अजून दुरुस्त केलं नाही, तेवढ्यात दुसरे दहा जण वाढवून जातात. अडकायची जागा अगदी काठावर असती तर त्या धक्क्यांनी काउंटर पलीकडे पडून पुन्हा खऱ्या आकड्यांत आला असता. म्हणून जागा धरली ऋण पट्ट्याच्या बरोब्बर मध्यावर. दोन्ही बाजूंना १०७ कोटींचं अंतर. लिनक्समध्ये एका वेळी प्रोसेस-थ्रेड मिळून जास्तीत जास्त ४२ लाखांच्या आसपास असू शकतात. सगळ्यांनी एकाच क्षणी धक्का दिला तरी काठ गाठता येत नाही. ही मांडणी मला मनापासून सुंदर वाटते. कुलूप नाही, लूप नाही, नुसत्या अंतरावर सुरक्षितता मिळवली.

पूर्वभाग_७ · बुधवार, रात्री ९.३०

होटगीरोड सर, तुम्ही म्हणालात तसंच केलं. पिक परत ॲटॉमिक_टी, आकडे लगेच ठीक. टेबलावर दोन लूप लावून जेवायला गेलो. परत आलो तर लॉगमध्ये तीच ओळ: 'ॲडिशन ऑन झिरो, यूज-आफ्टर-फ्री'. पण या वेळी खालच्या कॉल ट्रेसमध्ये (कुठल्या फंक्शनांतून तिथवर आलो त्या यादीत) 'निवड' आहे. थोड्या वेळाने टेबलावरचं पॅनेलही गोठलं, कारखान्यात गोठतं अगदी तसंच. दोन वर्षं हे मी कनेक्टरच्या माथी मारत होतो. तीन मालकांकडे कनेक्टर बदलून दिले आम्ही, स्वतःच्या पैशाने.

एक कळलं नाही. रेफकाउंट_टी लावूनही गोठलंच की. मग वाचवलं काय?

होटगीरोड · गुरुवार, सकाळी ६.३०

भाऊ, कॉल ट्रेस मिळाला म्हणजे अर्धं काम झालं.

आधी तुमचा प्रश्न. रेफकाउंट_टी चूक दुरुस्त करत नाही. काउंटर फिरून शून्यावर येणं ते थांबवतं. तुमच्या चुकीची जात वेगळी आहे. तुमच्याकडे काउंटर रीतसर शून्यावर आला, मेमरी सोडायला घेतली, आणि मग कुणीतरी आत आलं. रेफकाउंट_इन्क काही परत देत नाही, त्यामुळे 'निवड'ला कळतच नाही की आपल्याला मेलेला बोर्ड मिळालाय. ती पुढे चालत राहते. इशारा मिळाला एवढाच फायदा. जुन्या ॲटॉमिक_टीने शून्याचा गपचूप एक केला असता, आणि दोन वर्षं केलाच.

क्रम असा. डिस्कनेक्टने शेवटचा रेफरन्स सोडला, वापर शून्य. 'संपवा' सुरू झालं, पण पहिली ओळ 'यूआरबी थांबवा'. ते काम थांबून राहतं, काही मिलिसेकंद जातात. तोवर बोर्ड यादीतच आहे. नेमका तेव्हाच मिनिटाचा ठोका पडतो, साठवणारा प्रोग्राम 'निवड' करतो, यादीत बोर्ड सापडतो, वापर वाढवतो. शेवटचा माणूस दिवे घालवून शेडचं शटर ओढतोय आणि मागच्या दाराने एकजण आत शिरतोय. इकडे यूआरबी थांबला, यादीतून काढला, मेमरी सोडली. तिकडे 'निवड'च्या हातात सोडलेल्या मेमरीचा पत्ता. शिवाय तुमचं लॉक यादीत टाकताना-काढताना आहे, शोधताना नाही. शोधणारा अर्ध्या वाटेवर असताना पायाखालची कडी निघू शकते.

बरेच जण इथे रेफकाउंट_इन्क_नॉट_झिरो लावून मोकळे होतात. तो शून्य दिसला तर वाढवत नाही आणि 'नाही' असं परत सांगतो, मग तुम्ही 'डिव्हाइस नाही' म्हणून परत फिरायचं. चांगली गोष्ट आहे, पण तो काउंटर वाचणार कुठून? त्याच मेमरीतून. मेमरी आधीच सुटली असेल तर शून्य की नऊ हे वाचायलाही जागा उरत नाही. म्हणून शोधणं आणि यादीतून काढणं एकाच लॉकखाली हवं, किंवा आरसीयू (लॉकशिवाय यादी वाचायची कर्नलची सोय) हवं. तुमच्याकडे चार बोर्ड आहेत, आरसीयूची गरज नाही. एक म्यूटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक, पुरे.

मी असा विचार करतो: प्रत्येक रेफरन्स कुणाचा, ते नाव घेऊन सांगता आलं पाहिजे. तुमच्या सांगाड्यात प्रोबमध्ये वापर = १ केलाय. तो एक कुणाचा? तुम्हाला सांगता येणार नाही, आणि मूळ दुखणं तिथेच आहे. तो यादीचा करा. यादीत आहे तोवर यादीचा एक रेफरन्स. डिस्कनेक्ट आलं की आधी म्यूटेक्स घ्या, यादीतून काढा, म्यूटेक्स सोडा, मग यूआरबी थांबवा, आणि शेवटी यादीचा रेफरन्स सोडा. 'निवड'ने त्याच म्यूटेक्सखाली शोधायचं आणि तिथेच वाढवायचं. आता यादीत जे सापडेल ते जिवंतच असेल, कारण यादीचा रेफरन्स अजून सुटलेला नाही. साधा रेफकाउंट_इन्क पुरतो. 'संपवा'त फक्त मेमरी सोडायची.

आता दुसरी जागा, भुताचा माग. पुणेकरांनी कीरिंगची गोष्ट सांगितली ती परत वाचा आणि मग तुमच्या 'निवड'मधली ही ओळ वाचा: 'आधी निवडलेला बोर्ड तोच असेल तर ० परत द्या.' वापर तर वरच वाढवून झालाय. तो सोडला कुणी? कुणीच नाही. टच स्क्रीनवर कुणी त्याच मागाचं बटण दुसऱ्यांदा दाबलं की एक रेफरन्स गळाला. मग बोर्ड निघाला तरी वापर शून्यावर येत नाही, 'संपवा' होत नाही, बोर्ड यादीत राहतो. पिन परत बसली की प्रोब दुसरा बोर्ड यादीत टाकतो, नंबर तोच. हे तुमचं भूत. तंतोतंत तीच चूक, फरक एवढाच की तुमच्याकडे लूप लावणारा कुणी नव्हता. 'तोच आहे' ही तपासणी म्यूटेक्सखालीच पण वाढवण्याच्या आधी करा.

हे तुम्हाला केमेमलीकने (गळालेली मेमरी शोधणाऱ्या कर्नलच्या सोयीने) का दाखवलं नाही, तेही सांगतो, कारण तुम्ही ते चालवलं असणारच. ज्या मेमरीकडे कुठूनही पत्ता जात नाही ती गळाली, असं ते मानतं. तुमचा मेलेला बोर्ड यादीत होता, यादीतून पत्ता जात होता. त्याच्या लेखी सगळं ठीक. वरचा बदल केलात की बोर्ड यादीतून लगेच निघेल, आणि पुढे कधी रेफरन्स गळाला तर केमेमलीकला तो दिसेल.

एक गोष्ट राहिली. रेफरन्स मेमरी जिवंत ठेवतो, बोर्ड नाही. टच स्क्रीनने फाइल धरून ठेवली असताना केबल निघाली तर मेमरी शाबूत आहे, पण पलीकडे यूएसबी उरलेलं नाही. बोर्डाच्या रचनेत 'निघाला' अशी खूण ठेवा, डिस्कनेक्टमध्ये बोर्डाच्या म्यूटेक्सखाली ती लावा, आणि वाचणं-लिहिणं करताना त्याच म्यूटेक्सखाली आधी ती बघा. कर्नलच्या सोर्समध्ये यूएसबी-स्केलेटन नावाचा नमुना ड्रायव्हर आहे, त्यात हे सगळं केरेफने केलेलं सापडेल. तुम्हीही उघडं रेफकाउंट_टी न वापरता केरेफच घ्या. सोडताना 'संपवा' कोण करेल ते त्याला द्यावंच लागतं, विसरायला जागा राहत नाही.

एआरएम आहे म्हणून अजून एक ओळ. रेफकाउंट_इन्क मेमरीच्या क्रमाची कसलीही हमी देत नाही, देण्याची गरजही नाही, कारण वाढवणाऱ्याकडे वस्तू आधीच सुरक्षित असते. घटवून तपासणारा मात्र देतो: सोडण्याआधीचं तुमचं सगळं लिहिणं 'संपवा'च्या आधी झालेलं असतं. म्हणजे काउंटरच्या आडोशाने दुसऱ्या कुठल्या गोष्टीचा क्रम लावून घेत असाल तर ॲटॉमिकवर चाललेलं इथे चालेलच असं नाही. तुमच्या सांगाड्यात मला तसं काही दिसलं नाही.

केएसॅन, म्हणजे मेमरीच्या चुका पकडणारी कर्नलची सोय, चालू करून घरच्या पीसीवर हाच लूप लावा. पॅनेलवर ते जड होईल.

तिसऱ्या_वर्षाची · गुरुवार, दुपारी २.२०

सर, हेच रस्ट भाषेत लिहिलं असतं तर भुताचा माग झालाच नसता ना?

पुण्यातला_सोलापूरकर · गुरुवार, रात्री १०.५०

गळती झाली नसती, असं म्हणू. कर्नलमधला रस्टचा आर्क, म्हणजे तिथला मोजून दिलेला रेफरन्स, आतून रेफकाउंट_टीच वापरतो, पण फंक्शनमधून कुठूनही बाहेर पडा, हातातला रेफरन्स आपोआप सुटतो. 'लवकर परत फिरलो आणि सोडायचं राहिलं' ही जात तिथे जवळपास संपते. सी भाषेतल्या कर्नल कोडातही ६.५ पासून क्लीनअपची तशी सोय आली आहे, व्हेरिएबल नजरेआड झालं की सोडणारं फंक्शन चालतं. पूर्वभाग भाऊंचं कर्नल ६.१ आहे, मूळ ६.१ मध्ये ती नव्हती. पण डिस्कनेक्ट झाल्यावर बोर्ड यादीतून कधी काढायचा हे रस्टही ठरवून देणार नाही. ते होटगीरोड सरांनी सांगितलं तसं बसून ठरवावं लागतं.

भाऊ, एक विनंती. पॅनिक_ऑन_वॉर्न, म्हणजे इशारा आला की कर्नलच थांबवणारं सेटिंग, कारखान्यातल्या पॅनेलवर चालू ठेवू नका, टेबलावर जरूर ठेवा. एका इशाऱ्यासाठी चार मागांची मोजणी थांबायला नको.

पूर्वभाग_७ · पुढचा मंगळवार, रात्री ८.१५

उशीर झाला, पण करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

केरेफ घातला. यादीचा एक, आणि प्रत्येक उघड्या फाइलचा एक, असं वहीत लिहून काढलं, मग कोड लिहिला. लिहिताना एक तिसरी जागा सापडली. निवडताना मेमरी कमी पडली तर परत फिरायची एक वाट होती, तिथेही सोडायचं राहिलं होतं. ती कुणी कधी चालली नसेल, तरी बुजवली.

शनिवारी पीसीवर केएसॅन लावून आधी जुना ड्रायव्हर चालवला, मुद्दाम. सात मिनिटांत 'यूज-आफ्टर-फ्री', आणि कुठे घेतली, कुठे सोडली, कुठे वापरली, तिन्ही जागा लॉगमध्ये. डिस्कनेक्ट आणि निवड, सर म्हणाले होते तेच. मग नवा लावला. शनिवारी रात्रभर आणि रविवार दुपारपर्यंत लूप चालला, लॉग कोरा. केमेमलीकही कोरं. टच स्क्रीनवर एकच बटण दोनशे वेळा दाबणारी स्क्रिप्ट चालवून अनबाइंड केलं, यादी रिकामी झाली.

सोमवारी पहिल्या पाळीला एका पॅनेलवर बसवला. वडील सोबत आले होते, बऱ्याच वर्षांनी शेडमध्ये. घरी त्यांचा जुना पाच आकडी मीटर पडून होता, तो त्यांनी स्वतः तेल घालून तीन नंबरच्या मागाला लावला आणि पाळी सुरू होताना शून्य केला. मधल्या सुट्टीत मी तीन नंबरची केबल उपसली आणि परत लावली, दोनदा, मग टच स्क्रीनवर तीन नंबर तीन-चार वेळा दाबून अजून एकदा. पॅनेल चालू राहिलं, माग एकच दिसला. पाळी सुटताना मीटरवर ६८,२१४. पडद्यावर ६८,२१४. वडिलांनी दोन्ही आकडे मुकादमाच्या वहीत शेजारी शेजारी लिहायला लावले.

बदललेला कोड उद्या इथे टाकतो. सर, 'निवड'मधला म्यूटेक्स मी सध्या वापरकर्त्याकडून नंबर कॉपी करायच्या आधीच घेतोय, तो कॉपी केल्यानंतर घेतला तर चालेल का, तेवढं बघून सांगा.

होटगीरोड · मंगळवार, रात्री ८.४०

चालेल, आणि तसंच करा. कॉपी करताना पेज आणायला वेळ लागू शकतो, तेवढा वेळ बाकीच्यांना म्यूटेक्ससाठी ताटकळवू नका. कोड टाका, सकाळी बघतो. वडिलांना नमस्कार सांगा.